दोन तासांत बसलेल्या चालीबद्दल

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण ती वाचून मी फिडल (म्हणजे व्हायोलिनच) काढून बसलो आणि तुम्ही वाजवलीत तीच चाल पुन्हा पहिल्यापासून वाजवून पाहिली. तुमचे आक्षेप मनावर घेण्यासारखे आहेत, म्हणून खाली प्रतिक्रियेतच चार ओळी न लिहिता वेगळं लिहितोय.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आयरिश नाचाच्या चाली फिडलवर कानानेच शिकाव्यात, नोटेशनला हातही लावू नये. त्यावर ताईंनी ‘केश’ नावाच्या जिगबद्दल लिहिलं (जिग म्हणजे तीन-तीन मात्रांच्या गटांची नाचाची चाल, आणि बार म्हणजे अशा दोन गटांचा तुकडा): ‘मी व्हायोलिनची विशारद आहे. केश जिगचं नोटेशन उतरवून घेतलं, दोन तासांत चाल बसली. ना आलाप, ना विस्तार, बत्तीस बारांची चाल तीनदा तशीच वाजवायची. यात सहा वर्षं घालवण्यासारखं काय आहे? हे लग्नाच्या बँडचं संगीत आहे, त्याला घराण्यांची भाषा लावू नका.’

आधी माझी चूक कबूल करतो. ‘हातही लावू नये’ हे मी आवेशात लिहिलं आणि ते खरं नाही. मी राहतो त्या आयर्लंडमधल्या कॉर्क शहरापासून जवळच, कॉर्क आणि केरी या परगण्यांच्या सीमेवर, श्लीव लुअक्रा नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे पॉरिक ओकीफ (१८८७–१९६३) हे फिडलवादक शाळामास्तरकीची नोकरी सुटल्यावर गावोगाव पायी फिरून शिकवण्या करत. ते विद्यार्थ्यांना चाली कागदावर लिहूनच देत. त्यांची लिपी स्वतःची होती: पाश्चात्त्य नोटेशनच्या पाच रेघांमधल्या चार जागा म्हणजे फिडलच्या चार तारा, आणि त्या जागांत बोटांचे आकडे, मोकळ्या तारेला शून्य. शेतावर राबणाऱ्या मुलालाही ती वाचता येई. ज्या मातीतल्या चाली मी शिकतोय, तिथल्या सर्वांत मोठ्या शिक्षकाने कागद वापरला असताना मी कागदाला अस्पृश्य ठरवणं बरोबर नव्हतं. ते वाक्य मी मूळ लेखातून काढलं आहे.

पण तो कागद कधी मिळे, ते महत्त्वाचं. मास्तर समोर बसून चाल वाजवत, विद्यार्थी ती ऐकत, आणि मग तो कागद घरी जाई, पुढच्या खेपेपर्यंत विसर पडू नये म्हणून. ऐकलेल्याची ती खूण होती. तुमच्या हाती खूण आली, पण ज्याची ती खूण, ते कानावर पडलंच नाही. तुम्ही लिहिलं आहे की रेकॉर्डिंग ‘नंतर एकदा’ ऐकलं. माझा आग्रह एवढाच आहे की हा क्रम उलटा हवा.

आता केश जिगच घेऊ. ‘जी’ (G) हा पाश्चात्त्य स्वर सा धरला तर पहिल्या चार बारांचं नोटेशन साधारण असं येतं:

सा नि़ सा, सा रे ग । रे ग रे, रे ग प । ध प प, सां प प । ध प ग, प ग रे

तुम्ही हेच वाजवलं असणार. पहिले तीनच स्वर बघा. एका पुस्तकात तिथे ‘सा नि़ सा’ लिहिलेलं सापडेल, दुसऱ्यात नुसता तीन मात्रांचा लांब सा. दोन्ही बरोबर आहेत, कारण वाजवणारा तिथे बहुतेक वेळा रोल वाजवतो आणि लिहिणारा त्यातलं त्याला जमेल तेवढं कागदावर उतरवतो. रोल म्हणजे काय? सा डी तारेवर तिसऱ्या बोटाने धरलेला असतो. तो वाजता वाजता करंगळी तारेवर क्षणभर टेकवून उचलायची, मग तिसरं बोट क्षणभर उचलून परत आपटायचं. हे सगळं बोची (गजाची) दिशा न बदलता, तीन मात्रांच्या जागेत. कागदावर मांडलं तर सा-रे-सा-नि़-सा दिसतं आणि तुमच्यामाझ्यासारख्या हिंदुस्तानी हाताला वाटतं, अरे, ही तर मुरकी!

ती मुरकी, म्हणजे झटकन घेतलेला स्वरांचा छोटा गुच्छ, नाही, आणि हे कळायला मला दीड वर्ष लागलं. मुरकीत प्रत्येक स्वर, कितीही झटकन घेतला तरी, आपल्या जागी ऐकू यायला हवा. रोलमध्ये मधला रे आणि नि़ हे स्वर म्हणून ऐकू आले तर रोल बिघडला. बोट तारेवर इतका कमी वेळ राहायला हवं की स्वर न उमटता नुसता ठोका पडेल, जणू एका लांब सा चे बोटाने केलेले तीन तुकडे. माझे शिक्षक सत्तरी ओलांडलेले आहेत. माझा रोल ऐकून ते म्हणायचे, ‘फार सुंदर, फार स्पष्ट, आता ते स्वर काढून टाक.’ मी कित्येक महिने त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो होतो.

आणि लगेच पुढच्या बारमध्ये रे येतो. तो मोकळ्या ए तारेवर आहे. मोकळ्या तारेच्या सुरापेक्षा खालचा स्वर त्याच तारेवर नाहीच, त्यामुळे तिथे पूर्ण रोल होत नाही. मग कोणी ‘रे ग रे’ सरळ वाजवतो, कोणी तोच रे बोच्या टोकाशी मनगटाने झटकन तीनदा घासतो, त्याला ट्रेबल म्हणतात. बासरीवाला इथे आणखी वेगळं काही करेल. कागदावर हे दोन बार शेजारी शेजारी सारखे दिसतात, पण हाताला ते दोन निराळे प्रश्न आहेत. दोन तासांत या प्रश्नाशी तुमची गाठ पडली का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

बोबद्दल तर मी मागच्या लेखात फारच कमी लिहिलं होतं. आपण गायकी अंगाने शिकतो, एका लांब बोमध्ये अख्खी तान गुंफतो. जिग वाजवताना मीही सुरुवातीला तेच केलं. ते गोड वाजे आणि निर्जीव वाजे. मग उलट टोकाला जाऊन प्रत्येक स्वराला वेगळा बो लावला, तर शिवणयंत्र चालल्यासारखं ऐकू यायला लागलं. खरी गोष्ट या दोहोंच्या मधे आहे: तीन स्वरांच्या एका गटाचा शेवटचा स्वर पुढच्या गटाच्या पहिल्या स्वराला एकाच बोमध्ये जोडायचा. त्यामुळे ठोका बोच्या सुरुवातीला न पडता मधोमध येतो, आणि तो मनगटाच्या दाबाने उमटवावा लागतो. शिवाय तीन स्वर सारख्या लांबीचे नसतात. पहिला किंचित रेंगाळतो, दुसरा आकसतो. नोटेशनमध्ये तिन्ही सारखेच लिहिलेले असतात. तुम्हाला दादरा डोळ्यांसमोर आला असेल, तीन-तीनचा हिशेब तोच आहे. पण दादऱ्यात चौथ्या मात्रेला काल (खाली) येतो, हात हलका होतो. इथे दोन्ही अर्ध्यांना नाचणाऱ्याचं पाऊल पडायचं असतं.

पावलांचा विषय निघालाच, तर तुमच्या ‘लग्नाच्या बँडचं संगीत’ या शब्दांकडे येतो. नाचासाठीचं संगीत हे त्याचं उणेपण मी मानत नाही, ती त्याची घडण आहे. पूर्वी हे नाच घरांतल्या स्वयंपाकघरांत होत, दगडी फरशीवर, आणि बऱ्याचदा वाजवायला एकच फिडल असे. ना ढोल, ना साथ. ठेका, सूर आणि पाय उचलणारा जोर, तिन्ही त्या एका बोमधून काढावे लागत. १९३५ मध्ये नाचाच्या जागांना परवाना लागेल असा कायदा झाला, घरगुती नाचांवर गदा आली, नाच सभागृहांत गेले आणि वाद्यवृंद मोठे झाले. तरी एकट्या फिडलची ती सवय चालींच्या अंगात मुरलेली आहे.

विस्तार का नाही, याचं उत्तरही तिथेच आहे. आठ बारांचा एक भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, झाले बत्तीस. चार जोडपी चौकोनात उभी असतात, त्यांच्या फेऱ्या याच आठाच्या हिशेबाने ठरलेल्या असतात. मी तिथे दोन बारांची तान घेतली तर आठ माणसांची पावलं अधांतरी राहतील. म्हणून जे काही नवं करायचं ते चौकटीच्या आत: पहिल्या फेरीत जिथे रोल घेतला तिथे दुसऱ्या फेरीत तीन सुटे स्वर, तिसऱ्यात ट्रेबल, एखाद्या ठिकाणी नुसताच लांब स्वर. आयरिश फिडलवादक मायकेल कोलमन यांची १९२०-३० च्या दशकांतली रेकॉर्डिंग ऐका, तोच भाग परत आला की त्यात काही ना काही हललेलं असतं. ‘तीनदा तशीच’ हे नोटेशनकडे बघून म्हणता येईल, कोलमन ऐकून नाही.

हे मला पटलं ते एका गावातल्या सभागृहात. शिक्षकांनी मला पहिल्यांदाच नाचासाठी शेजारी बसवलं होतं. पोल्का होता, सोपी चाल, मला तोंडपाठ. एका फेरीनंतर ते थांबले आणि मला एकट्याला चालू ठेवायला लावलं. माझा एकही स्वर चुकला नाही. पण समोरचे लोक हळूहळू जड झाले, चिखलातून चालल्यासारखे. मग शिक्षक परत सामील झाले आणि दोन बारांत ती माणसं जमिनीवरून उचलली गेली. स्वर तेच, लय तीच. फरक एवढाच की त्यांच्या बोचं वजन ठोक्यावर न पडता ठोक्यांच्या मधल्या जागेवर पडत होतं. इथले लोक त्याला ‘लिफ्ट’ म्हणतात, मी त्याला उठाव म्हणतो. घरी जाताना गाडीत मी एक शब्दही बोललो नाही.

घराण्यांच्या बाबतीत तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. इथे गंडा बांधून शिष्य करणं नाही, खलिफा (घराण्याचा प्रमुख) नाही, विद्या राखून ठेवणं नाही. शैली परगण्यांच्या आहेत, माणूस पायी जिथवर जाऊन वाजवून परत येई तिथवरच्या. उत्तरेकडच्या डोनेगलमध्ये एकेका स्वराला छोटा, धारदार बो. स्लायगोत वाहती, रोलांनी भरलेली चाल. पूर्व क्लेअरमध्ये संथ, काहीशी उदास. श्लीव लुअक्रात पोल्का आणि स्लाइड या नाचाच्या चाली. तेव्हा ‘घराणं’ऐवजी ‘बोली’ म्हणतो, ते अधिक बरोबर होईल.

एक गोष्ट मात्र माझ्याच मताविरुद्ध जाते, तीही सांगितली पाहिजे. कोलमन स्लायगोचे, १९१४ मध्ये अमेरिकेला गेले. त्यांच्या न्यूयॉर्कमधल्या तबकड्या परत आयर्लंडमध्ये पोचल्या आणि गावोगावचे वादक त्या कानाने ऐकून तशाच वाजवू लागले. कित्येक ठिकाणची स्वतःची बोली त्यात झाकली गेली. म्हणजे कानाने शिकलं की अस्सल, असंही नाही. आणि उलट बाजूने फ्रान्सिस ओनील बघा: कॉर्क परगण्यातले, शिकागोचे पोलीसप्रमुख झाले, १९०३ मध्ये १८५० चालींचा आणि १९०७ मध्ये १००१ नाचाच्या चालींचा संग्रह काढला. अनेक चाली आज त्या पुस्तकांमुळे जिवंत आहेत. पण ओनील यांना स्वतःला नोटेशन लिहिता येत नव्हतं. ते वाजवून दाखवत आणि त्यांच्याच पोलीस खात्यातले जेम्स ओनील लिहून घेत. या परंपरेतला सर्वांत मोठा छापील ग्रंथ अशा माणसाने घडवला ज्याच्याकडच्या चाली कानातून आल्या होत्या. पुस्तकाच्या अलीकडे एक वाजवणारा माणूस बसला आहे, आणि तो छापलेल्या पानावर दिसत नाही.

तुम्हाला मनापासून एक विनंती करतो. तुमचा हात तयार आहे, ते तुमच्या प्रतिक्रियेवरूनही कळतं. नोटेशन फाडू नका, फक्त आठ दिवस बाजूला ठेवा. केश जिगचं तुम्हाला आवडेल ते एकट्या फिडलचं रेकॉर्डिंग घ्या, व्हायोलिन न उचलता ते रोज ऐका, चाल गुणगुणता येईपर्यंत. मग फक्त पहिला सा. तारा तुमच्या सा-प लावणीच्या असल्या तरी चालेल, मांडी घालून वाजवलंत तरी चालेल, फक्त सा ज्या तारेवर तिसऱ्या बोटाने येईल तिथे धरा, म्हणजे करंगळी मोकळी राहील. मधले स्वर पुसून टाकून, बो न बदलता. जमलं असं वाटेल त्या दिवशी ते रेकॉर्ड करून मला पाठवा. माझे तेच तीन स्वर मी रविवारी इथे लावतो, पहिल्या वर्षातले आणि आत्ताचे, दोन्ही.