लेखकूंनो, पुस्तकांपासून जपा

तुम्हाला लिहायचं आहे ना? मग आधी घरातली पुस्तकं माळ्यावर टाका. हा सल्ला ऐकीव नाही. माझे पाच कवितासंग्रह आहेत, एक ऐतिहासिक कादंबरी आहे, आणि बडोद्यात दांडिया बाजारापासून वाडीपर्यंत कुठेही मराठी कार्यक्रम असला तरी पहिल्या रांगेतली एक खुर्ची माझी असते. ह्यात वाचनाचा वाटा किती, असं विचाराल तर लग्नपत्रिका आणि लाइटबिल सोडून काही नाही.

कुणीतरी शहाणा समर्थांचा दाखला देईलच, की त्यांनी अखंडित वाचायला सांगितलंय. त्याला शांतपणे विचारा, त्याच्या आधीचा 'प्रसंगी' कुठे गेला? प्रसंगी म्हणजे लग्नाला, बारशाला, वास्तुशांतीला. आणि बडोद्यात प्रसंगाला श्रीखंड-पुरी झाल्यावर कुणाचे डोळे उघडे राहतात, ते मला दाखवा.

आपल्या शहराची अडचण अशी, की इथे न वाचता राहणं फार कठीण करून ठेवलंय. दोष सयाजीराव महाराजांचा. कवळाण्याहून बाराव्या वर्षी दत्तक आले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. लेखक व्हायला ह्याहून अनुकूल परिस्थिती कोणती? पण मास्तर नेमले गेले, महाराज शिकले आणि मग त्यांना दुसऱ्याचं अज्ञान बघवेना. १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकलेली पोरं पुढे वाचणार काय, म्हणून १९१० साली विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणला. पदरची वीस हजारांच्या आसपास पुस्तकं लायब्ररीला दिली. ज्यांना बडोद्याला येणं जमत नव्हतं त्यांच्याकडे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव धाडल्या. म्हणजे खेड्यातला माणूससुद्धा सुटू नये!

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत एकदा जाऊन या. जपून जा. तिथल्या कपाटांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड झिरपत खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून. मी तिथे पहिल्यांदा गेलो ते माझा तिसरा संग्रह भेट द्यायला. पायाखाली काच, काचेखाली पुस्तकं, त्याखाली पुन्हा काच. मला घेरी आली. इतक्या लोकांनी आधीच लिहून ठेवलंय हे नवोदिताला असं उघडं दाखवणं बरं नव्हे.

अरविंद घोष १८९३ ते १९०६ आपल्याकडे होते. पुस्तकांच्या पेट्या रेल्वे पार्सलनं मागवायचे आणि दिव्यापाशी डास अंगावर घेत रात्री उशिरापर्यंत वाचायचे. इथे मराठीही शिकले, गुजरातीही. फळ काय मिळालं? पुढे पाँडिचेरीला एकच महाकाव्य वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. माझा संग्रह श्रावणात सुरू होतो आणि दसऱ्याला छापून येतो.

वाचनानं नेमकं काय बिघडतं ते सांगतो, कारण आमच्या मंडळातला एक भला माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाया गेला. महिन्याला चार कथा लिहायचा. कथेची सुरुवात ठरलेली : 'सोनेरी किरणांनी न्हाऊन निघालेल्या त्या रम्य सकाळी', आणि पुढे दीड पान सूर्यच उगवत असायचा. मग त्याची बदली झाली, एकटा राहायला लागला आणि संध्याकाळ जात नाही म्हणून वाचायला लागला. आधी मराठी, मग गुजराती, मग रशियनांची भाषांतरं, मग तर कहर म्हणजे जुने गॅझेटियर आणि पाणीपुरवठ्याचे अहवाल. दोन वर्षांनी परत आला तो कानाचं दुखणं घेऊन. म्हणजे ऐकू व्यवस्थित यायचं. तेच दुखणं होतं. स्वतःचं वाक्य मोठ्यानं म्हणून बघायचा आणि तोंड वाकडं करायचा. 'रम्य' ऐकलं की दाढ दुखल्यासारखा गालावर हात जायचा. 'सकाळ म्हटल्यावर किरणं आलीच की,' म्हणायचा, 'ती कशाला सांगायची?' त्याच्या नव्या कथेची सुरुवात ऐका : 'सकाळी नळाला पाणी नव्हतं.' झालं! चार शब्द! एवढ्यासाठी माणसानं दोन वर्षं डोळे फोडायचे?

बैठकीत त्यानं ती कथा वाचली तेव्हा कुणी चहासुद्धा ढवळला नाही. दाद द्यायला जागाच सापडेना. आता तो वर्षाला एक कथा लिहितो आणि तीही बरी झाली नाही म्हणतो. आधी असं कधीच म्हणायचा नाही हो.

बरं, हा रोग आजचा नाही. गायकवाडांनी संस्कृत ग्रंथांची जी माला काढली, तिचा पहिलाच ग्रंथ म्हणून १९१६ साली काय छापलं? राजशेखराची काव्यमीमांसा. म्हणजे कवीनं काय काय करावं ह्याची हजार वर्षांपूर्वीची नियमावली. मी अर्थात वाचलेली नाही. आमच्या बिघडलेल्या मित्रानं परतताना रिक्षात ऐकवली. कवितेचा मजकूर येतो कुठून, तर आधीचे आचार्य म्हणतात बारा ठिकाणांहून. राजशेखर म्हणतो, सोळा. वेद, पुराणं, तर्क, राजनीती, लोकव्यवहार, आणि वर किरकोळीत हत्तींचं शिक्षण आणि रत्नांची पारख! अहो, मला पावसावर बारा ओळी लिहायच्या आहेत, त्यात हत्ती कुठे बसवू?

शिवाय त्यानं कवीच्या दिवसाची वाटणीच करून दिलीय. पहिला प्रहर अभ्यासाला. दुसरा लिहायला. तिसरा जाणकारांशी चर्चेला. आणि चौथ्या प्रहरी सकाळचं लिखाण पुन्हा तपासायचं, कारण लिहिण्याच्या भरात असताना पारख करणारी नजर नसते, असं त्याचं म्हणणं. जास्त असेल ते काढा, कमी असेल ते भरा. चौथ्या प्रहरापर्यंत थांबतो कोण? माझी कविता साडेनऊला ग्रुपवर पडते आणि पावणेदहापर्यंत तिला सतरा अंगठे आणि आठ जोडलेले हात येतात.

प्रतिभा दोन प्रकारची, असंही तो म्हणतो. एक लिहिणाऱ्याची, कारयित्री. दुसरी रसिकाची, भावयित्री. हे मला तत्काळ पटलं. कारयित्री आमच्याकडे ठेवू, भावयित्री इतरांनी सांभाळावी.

पण खरा घोटाळा चोरीच्या प्रकरणात आहे. चोर नाही असा कवी नाही आणि चोर नाही असा वाणी नाही. ज्याला लपवता येतं तो सुखात राहतो, असं ह्या गृहस्थानं सरळ लिहून ठेवलंय. मग कुणाचं घ्यावं, किती घ्यावं, घेतलेल्याला आपला आकार कसा द्यावा, ह्याचे प्रकार पाडलेत. सगळ्यांत हलका प्रकार प्रतिबिंबासारखा : अर्थ तोच, फक्त शब्दांची मांडणी वेगळी. मित्र म्हणाला, हे ओळखायला आणि टाळायला आधी खूप वाचलेलं असावं लागतं. मी म्हटलं, त्यापेक्षा वाचायचंच नाही. वाचलंच नाही तर चोरणार कुठून? रिक्षावालासुद्धा मागं वळून बघायला लागला.

ह्याचा पुरावा मला त्याच जुलैत मिळाला. आमच्या मासिक बैठकीला अकरा कवी होते. नऊ जणांनी पाऊस वाचला. नवांपैकी सातांत 'चिंब' होतं, सहांत खिडकी आणि पाचांत वाफाळता चहा. चौघांना शेवटच्या ओळीत 'ती' आठवली. आणि लक्षात घ्या, एकानंही दुसऱ्याचं कधी काही वाचलेलं नाही! पूर्णपणे स्वतंत्र निर्मिती. ह्याला प्रतिभेची एकवाक्यता म्हणतात. वाचणाऱ्यांच्या टोळक्यात ही एकी तुम्हाला दिसायची नाही. तिथे प्रत्येकाचा पाऊस वेगळा पडतो.

माझ्या कादंबरीचंही तसंच. मल्हारराव गायकवाड लक्ष्मीविलास राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून मावळत्या सूर्याकडे बघतात, हा तिचा परमोच्च बिंदू. लिहिताना मी स्वतः रडलोय. लायब्ररीतल्या एका बाईंनी तो प्रसंग वाचला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, 'मल्हाररावांना १८७५ साली पदच्युत केलं आणि राजवाडा बांधून झाला १८९० साली. तोही सयाजीरावांनी बांधला.' बघा, वाचनानं माणसं किती कोती होतात! पंधरा वर्षांसाठी अख्खा सूर्यास्त नाकारायचा? मी त्यांना सांगितलं, बाई, ही कादंबरी आहे. त्या म्हणाल्या, कादंबरीलाच तर जास्त जपावं लागतं. मी पुस्तक तिथेच ठेवून काचेवरून हळूहळू पाय टाकत बाहेर पडलो आणि समोर सेवउसळ खाल्ली तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

२०१८ साली बडोद्यात एक्याण्णवावं साहित्य संमेलन झालं तेव्हाही मी पथ्य पाळलं. तिन्ही दिवस हजर होतो. पुस्तकांच्या गाळ्यांपुढे उभं राहून फोटो काढले, पुस्तकांकडे पाठ करून. फोटोत चेहरा यायचा तर पाठ तिकडेच करावी लागते.

आता एक व्यावहारिक अडचण सांगतो, तिची तयारी ठेवा. न वाचणारे लेखक वाढले की ते एकमेकांना पुस्तकं भेट देतात. 'सप्रेम', खाली सही आणि तारीख. नाकारता येत नाही. दर दिवाळीला दिवाणाखाली जागा उरत नाही, आणि सौ. केरसुणी आपटून तो मुद्दा मांडते. म्हणून गेल्या रविवारी पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, बोलावलं. पहिलं पान तेवढं फाडून ठेवा, सही बाजारात फिरायला नको. हेही शिकून घ्या.

तो ओट्यावर बसून गठ्ठे बांधत होता. चांगलं मराठी बोलतो. लहानपण इथेच रावपुऱ्यात गेलंय. बांधता बांधता मधेच थांबला आणि एक पुस्तक उघडून वाचायला लागला. बघतो तर माझाच चौथा संग्रह, मीच कुणाला तरी दिलेला, फिरून फिरून माझ्याच घरी आलेला. मला भरून आलं. आजवर त्या संग्रहाचं दुसरं पान उलटताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. तो ओठ हलवत वाचत होता, बोट ओळीखालून सरकत होतं. मी मुद्दाम खोकलो.

'काका,' तो म्हणाला, 'ही ओळ कुठेतरी वाचलीय.'

'शक्य नाही,' मी म्हटलं. 'मी काही वाचत नाही. कुठे वाचलीस?'

त्यानं गठ्ठ्यांकडे मान वळवली. 'ह्याच्यात. तीन ठेकाणी तरी असेल. दाखवू?'

बांधलेल्या गठ्ठ्याची सुतळी तो सोडायला लागला. मी त्याचा हात धरला, संग्रह काढून घेतला आणि काट्यावर ठेवला.