तिकिटाला बुटासकट, राइडला अनवाणी

थीम पार्क आणि रिसॉर्टच्या सहलीवरनं काल रात्री कोल्हापूरला घरी पोचलो. बॅगा अजून हॉलमध्ये तशाच पडल्यात, धुण्याचा ढीग लागलाय, आणि मी सगळं सोडून आधी हे लिहायला बसलेय. डोकं शांतच होईना.

थीम पार्कच्या तिकीट खिडकीशेजारी भिंतीवर पट्टी रंगवलीय. १४० सेंटिमीटरच्या वर गेलं की पोर मोठं, पूर्ण तिकीट. आमच्या पोराला तिथं उभं केलं. पायात जाड सोलचे बूट, गाडीत झोपून उठल्यामुळं केस उभे. खिडकीतल्या बाईनं बसल्या जागेवरून मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "ॲडल्ट." मी म्हटलं, अहो मॅडम, बूट तरी काढू द्या त्याला. "मॅम, मागं रांग थांबलीय." मागच्यांनी च्-च् सुरू केलं, ह्यांनी पाकीट काढलं आणि पैसे भरूनसुद्धा टाकले. 

ठीक. मोठं तर मोठं. मग मोठ्या राइडच्या रांगेत लागलो. वर पत्रा, खाली फरशी, दोन्ही तापलेलं, पंखे नुसते लटकवलेले. पोरगं खूश होतं, वर्गातल्या कुणाकुणाला सांगायचं त्याची यादी चालली होती. नंबर आला. दारावरच्या पोऱ्याच्या हातात मापाचं दांडकं. "बूट काढ." काढले. "टाच टेकव. मान सरळ." टेकवली. तळहातानं केस चापून बसवले आणि दांडकं आडवं फिरवलं. डोक्याला न लागता वरनं गेलं. "सॉरी मॅम, एकशेचाळीस कंपल्सरी आहे. सेफ्टी."

त्याच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. रांगेतली सगळी बघायला लागल्यावर त्यानं ते दुसऱ्या पायाखाली लपवलं. मग बूट हातात घेतले आणि उलट्या दिशेनं, लोकांच्या अंगाला घासत, ती पूर्ण रांग आम्ही मागं चालत आलो. शब्द बोललं नाही पोरगं. बाहेर आल्यावर बूटही घालीना.

सेफ्टीबद्दल माझं एका अक्षराचं म्हणणं नाही. पट्टा, दांडी त्या मापाच्या अंगावर बसते, कमी उंचीचं पोर निसटू शकतं, हे मला कळतं. तो दारावरचा पोरगा बरोबरच होता, त्यानं सोडलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. माझा राग त्या खिडकीवर आहे. आकडा तोच, पोर तेच, दिवस तोच. पैसे घेताना बुटासकट मोजायचं आणि राइड देताना बूट काढून? मग सकाळी पूर्ण तिकिटाचे पैसे कशाचे घेतले? बुटाच्या सोलचे?

गेस्ट रिलेशन्स म्हणून एक काचेची खोली आहे, तिथं गेले. एसीत बसलेला मुलगा अतिशय गोड आवाजात म्हणाला, "मॅम, तिकिटिंगची पॉलिसी वेगळी आणि राइड्सची वेगळी." हा पॉलिसी शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराला इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. पाव किलो शेंगदाण्याला सरकारी शिक्का लागतो, आणि इथं भिंतीवरच्या रंगाच्या रेघेवर माणसाकडनं पैसे उकळायचे, ते पण बूट धरून!

आणि फास्ट ट्रॅक. आम्ही पत्र्याखाली शिजतोय आणि शेजारच्या मोकळ्या गल्लीतनं मनगटावर वेगळा पट्टा बांधलेली माणसं थंडपणे पुढं जातायत. जास्त पैसे मोजलेत म्हणे. मग आम्ही काय फुकट आलोय? नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत मी तासन्‌तास उभी राहिलेय, तक्रार नाही केली. पण तिथं मध्येच कुणी घुसलं तर अख्खी रांग त्याला बाहेर काढते. इथं रांग मोडण्याचंच तिकीट विकायला ठेवलंय, आणि जितकी जास्त विकतील तितके आम्ही मागं. 

खाण्याचं बोलायलाच नको. सासूबाईंना शुगर आहे, वेळेवर पोटात काहीतरी जावं लागतं, म्हणून मी पहाटे उठून धपाटे केले होते, सोबत खर्डा आणि भडंग. गेटवर डबा उघडायला लावला. "आउटसाइड फूड अलाउड नाही." म्हटलं, दादा, म्हातारं माणूस आहे, गोळ्या घ्यायच्या असतात. "डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा." धपाट्याला डॉक्टरांची चिठ्ठी! सगळा डबा त्या टेबलावर राहिला आणि आईंना आत मैद्याचा पिझ्झा खावा लागला. शुगरच्या माणसाला. 

पाण्याची बाटली बाहेर स्वस्तात मिळते, तीच बाटली, तोच कारखाना, आत वेगळीच एमआरपी छापलेली. २०१८ पासून एकाच मालाला अशा दोन-दोन एमआरपी छापायला कायद्यानं बंदी आहे. काउंटरवाला मलाच सुप्रीम कोर्ट शिकवायला लागला. हॉटेलं बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्तीनं विकू शकतात, हा २०१७ चा निकाल मला पण माहीत आहे. हॉटेलात टेबलावर बसवून, सेवा देऊन वाढत असतील त्यांच्यासाठी आहे तो. इथं खिडकीतून बाटली हातात कोंबली, सुट्टे नाहीत म्हणून वर चॉकलेट दिलं. कसली सेवा?

रिसॉर्टवर चेक-इन दुपारी तीनला, चेक-आउट सकाळी अकराला. म्हणजे दिवसाचे पैसे आणि वीस तासांची खोली. हे सगळीकडेच आहे, म्हणून काय ते बरोबर होतं? रात्री बुफेत पाटी लावली होती 'चिकन कोल्हापुरी'. आम्ही सगळेच आशेनं तिकडं वळलो. लाल रंग आणि साखर. कोल्हापुरी म्हणजे नुसता तिखट जाळ असतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यावर मी आधीच चिडते, इथं तर तेवढाही जाळ नव्हता. आमच्याकडं तांबडा-पांढरा वाट्या भरभरून वाढतात, परत पाहिजे का विचारतात. यांनी आमच्या गावाचं नाव वापरायचं कारणच काय?

सगळ्यात जास्त राग मात्र "जाऊ दे" या दोन शब्दांचा येतो. खिडकीवर ह्यांचं "जाऊ दे". डब्यावर "जाऊ दे, पोरांचा मूड जाईल". रांगेतल्या लोकांचं "जाऊ द्या हो ताई". सुट्टीवर आलेला माणूस भांडत नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक आहे आणि सगळा धंदा त्याच्यावरच उभा आहे. अरे, आपण शहरातला टोल बंद पाडणारी माणसं! शेकडो मैल लांब गेलो की आपला आवाज कुठं जातो?

शेवटच्या दिवशी बिल आलं त्यात सर्व्हिस चार्ज जोडलेला. तिथं मी कुणाचं ऐकलं नाही. २०२२ च्या जुलैत ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलंय, असा चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, आणि दिल्ली हायकोर्टानं २०२५ च्या मार्चमध्ये ते कायम केलंय. एवढं बोलल्यावर मॅनेजर आला, हसला, आणि दोन मिनिटांत नवं बिल छापून दिलं. दोन मिनिटांत! म्हणजे यांना सगळं माहीत असतं. मागेल त्याला काढून द्यायचं, गप्प बसेल त्याच्याकडून घ्यायचं.

म्हणून आता तिकिटाचं पण सोडणार नाही. निघायच्या आधी परत जाऊन त्या भिंतीवरच्या पट्टीशेजारी पोराला बूट काढून उभं केलं आणि फोटो काढला, राइडच्या पाटीचा वेगळा काढला. पावती आहे, अंगठ्याएवढा फरक स्पष्ट दिसतोय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार नोंदवलीय. तिथं काही झालं नाही तर ग्राहक आयोग आहे, आणि २०१९ च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फीसुद्धा नाही. त्यांच्या काचेच्या खोलीत मी परत जाणार नाही, पॉलिसी काय सांगायची ती त्यांनी इथं कोल्हापुरात येऊन सांगावी.