पिवळ्या वायरीवर अँप जोडू नका: फिरत्या नुस्ख्याला उत्तर

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक नुस्खा सारखा फिरत असतो. सार असं: फिटिंगवाल्याला पैसे कशाला? स्टिरिओमागच्या पिवळ्या वायरीलाच अँप (आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर) जोडा, काळी बॉडीला कुठंही कसा, फ्यूज उडाला तर मोठा घाला, गेन फुल करा, दिवे मंद झाले तर कपॅसिटर लावा. दोन तासांत नाद खुळा आवाज!

घरी काम करण्यात काहीच गैर नाही. दहाचा पाना, मल्टीमीटर, क्रिम्पिंग टूल आणि एक मोकळा रविवार पुरतो. पण या पाच सूचनांपैकी एकही पाळण्यासारखी नाही.

आधी पिवळी वायर. ही स्टिरिओची कायमची १२ व्होल्टची लाइन. जाडी जेमतेम एक-दीड एमएम (वायरीच्या जाडीत एमएम म्हणजे चौरस मिलिमीटर), मागे १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज. स्टिरिओला तेवढं भरपूर होतं, कारण डब्यावर '५० गुणिले ४ वॅट' छापलेलं असलं तरी १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला चॅनेलमागे २६ वॅटच्या वर स्वच्छ आवाज गणितानंच निघत नाही. प्रत्यक्षात विसाच्या आसपास. आता खरा ४०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणारी ताकद) क्लास-डी अँप, कमी वीज वाया घालवणारा प्रकार, घ्या. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर तो बॅटरीकडून ५०० वॅट ओढणार, म्हणजे १३.८ व्होल्टला ३६ अँपिअर. दीड एमएमच्या ५ मीटर वायरीत एवढा करंट गेला तर २ व्होल्ट वाटेतच खपतात आणि सुमारे ७५ वॅट उष्णता होते. २५ वॅटची तीन सोल्डरिंग आयर्न कार्पेटखाली चालू ठेवल्यासारखंच ते. १६ एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये हीच घट ०.२ व्होल्टवर येते.

केबल घेताना एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. मग एक साइझ जाड घ्यावी लागते. टोकाचे लग, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कड्या, पक्कडीनं दाबू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याच्याकडे हायड्रॉलिक प्रेस असेल त्याच्याकडून दाबून घ्या. केबल थेट बॅटरीच्या प्लसपासून निघावी आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) रबरी ग्रोमेटातूनच, म्हणजे भोकात बसवलेल्या रबरी कड्यातूनच, आत यावी. इंजिनच्या बाजूला तिला खाली झोल द्या, नाहीतर पावसाळ्यात गगनबावड्याकडं एक चक्कर झाली की पाणी केबलवरून ओघळत पायाखाली येतं. पॉवर केबल एका बाजूच्या उंबऱ्यातून न्या, आरसीए केबल (स्टिरिओचा सिग्नल अँपला नेणारी) दुसऱ्या.

'फ्यूज उडाला तर मोठा' हा सगळ्यांत घातक सल्ला. फ्यूज अँपसाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. १५ च्या जागी ३० घातला की आधी वायरीचं आवरण वितळतं, मग फ्यूज जातो, तोही गेला तर. वरच्या हिशेबाला ४० अँपिअरचा फ्यूज, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. पुढं कुठंही केबल पत्र्याला घासून शॉर्ट झाली तरी फ्यूज तिच्या आधी असला पाहिजे.

जाता जाता: डब्यावर २००० वॅट आणि अँपला फ्यूज एकच, २५ चा? २५ गुणिले १३.८ म्हणजे ३४५ वॅट आत जाणार, बाहेर पावणेतीनशे निघाले तरी नशीब.

अर्थ, म्हणजे बॉडीला कसायची काळी वायर, 'कुठंही' चालत नाही. पॉवर केबलच्याच जाडीची, ४५ सेंटिमीटरच्या आतली वायर, आणि रंग खरवडून लख्ख केलेला पत्रा हवा. खाली दातेरी वॉशर, कसून झाल्यावर वरून रंग, म्हणजे गंज धरत नाही. सीटबेल्टचा बोल्ट मात्र अजिबात वापरू नका. तपासायला गाणं मोठ्यानं चालू ठेवून बॅटरीचं मायनस आणि अँपचं अर्थ टर्मिनल यांच्यात मीटर लावा. ०.१ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर जोड सैल आहे किंवा रंग नीट निघालेला नाही. रेस दिल्यावर स्पीकरमधून शिट्टी चढत जाते, त्यामागंही बहुतेक वेळा अर्थच असतो.

गेनबद्दलचा गैरसमज तर पार मुरलेला आहे. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओचा सिग्नल किती व्होल्टचा आहे ते अँपला सांगणारा तो स्क्रू. तो फुल केला की ताकद वाढत नाही, लाटेचे माथे छाटले जातात आणि आधी ट्वीटर जळतो. पद्धत अशी: स्पीकरच्या वायरी काढा, बास बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर, स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश. सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा टोन वाजवा. वॅट गुणिले ओहम करून वर्गमूळ काढा: ७५ वॅट, ४ ओहम म्हणजे १७.३ व्होल्ट. मीटर एसीवर ठेवून अँपच्या आउटपुटला तेवढे व्होल्ट येईपर्यंतच गेन फिरवा.

कपॅसिटर. १ फॅरडचा कपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत जवळपास ३२ जूल देतो. ५०० वॅट ओढणाऱ्या आपल्या अँपला ते सेकंदाच्या सोळाव्या हिश्श्यापुरतं पुरतं. मिरवणुकीतल्या डॉल्बीमागं जनरेटर असतो, इथं अल्टरनेटर आहे, आणि आयडलवर तो पाटीवरचे पूर्ण अँपिअर देत नाही. दिवे मंद होत असतील तर बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी आणि अल्टरनेटर ते बॅटरी या तीन केबली आधी बघा.

नुस्ख्यात रिमोट वायरीचा, म्हणजे अँपला चालू-बंद करणाऱ्या वायरीचा, उल्लेखच नाही, म्हणून लोक तीही पिवळ्यालाच जोडतात. मग अँप रात्रभर जागा राहतो, अर्धा-एक अँपिअर खात. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी दोन दिवसांत सेल्फ मारायला नकार देते. रिमोटला स्टिरिओची निळी-पांढरी वायर लावा. कंपनीच्या स्टिरिओला ती नसेल तर फ्यूजबॉक्समधून चावीवर चालू होणारी लाइन, छोट्या फ्यूजसह.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीचं मायनस काढायचं आणि सगळं जोडून झाल्यावरच लावायचं. पहिल्या अर्ध्या तासानंतर गाडी थांबवून फ्यूजहोल्डरला हात लावून बघा. तो तापलेला असेल तर लग पुन्हा दाबून घ्या.