सड्यावरच्या वाटा मोकळ्या ठेवा

दापोलीला सायकल घेऊन येणाऱ्या मंडळींना माझी नेहमी एकच विनंती असते. एक दिवस समुद्राला द्या, पण दुसरा दिवस सड्याला, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाला द्या. बहुतेकांचं ठरलेलं असतं: हर्णै, आंजर्ले, आडे, केळशी आणि परत. हा रस्ता सुंदर आहे यात वादच नाही. आंजर्ल्याच्या पुढे आडे-पाडल्याकडे जाताना एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट लाटा आणि मध्ये जेमतेम एक एसटी जाईल एवढं डांबर. पण आमच्या तालुक्यातली खरी सायकल वरच्या अंगाला आहे. कातळावर, जुन्या गाडीवाटांवर, वाडी ते वाडी जाणाऱ्या पायवाटांवर. त्या वाटा एकेक करून बंद होत चालल्या आहेत, आणि मला आज त्याबद्दलच लिहायचं आहे. पोस्ट लांबणार आहे. बाहेरच्यांनी नाही तरी दापोलीकरांनी शेवटपर्यंत वाचावी.

आधी जमिनीची ठेवण सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. दापोली समुद्रसपाटीपासून साधारण २४० मीटरवर आहे आणि समुद्र सरळ रेषेत सात-आठ किलोमीटरवर. त्यामुळे शहरातून कुठल्याही किनाऱ्याला निघालात तरी सकाळी उतार आणि परतताना चढ. सह्याद्रीतल्या बऱ्याच ठिकाणी सकाळच्या गारव्यात चढून घेतात आणि दमल्यावर उताराने घरी येतात. आमच्याकडे पाय थकलेले असताना, ऊन डोक्यावर आल्यावर चढ समोर उभा राहतो. तोही घाटासारखा एकसंध नाही. लांबच्या घाटात एक लय सापडते, इथे पाचशे मीटरचा खडा चढ, मग ओढ्यापर्यंत उतार, साकव, की पुन्हा उभा चढ. पुण्या-मुंबईहून रेसिंगची सायकल आणणाऱ्यांना म्हणूनच सांगतो, मागच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या गिअरच्या चक्रांत, ३२ किंवा ३४ दात्यांचं चाक असू द्या. सपाटीवरचा वेग इथे काही कामाचा नाही.

डांबरी रस्त्यांत मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो आसूदचा उतार. माथ्यावरून खाली येताना आधी उघडं रान, मग एकदम नारळी-पोफळीच्या बागा, पाटाच्या पाण्याचा आवाज, आणि अंगाला लागणारी हवाच बदलते. तिथे थांबून केशवराजाच्या देवळाच्या पायऱ्या चढल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरा रस्ता वाकवली-टांगरवरून पन्हाळेकाजीला उतरणारा. कोटजाई नदीच्या काठी २९ लेण्यांचा समूह आहे, बौद्धांपासून नाथपंथापर्यंत अनेक शतकांच्या खुणा एकाच खडकात. शेवटचा उतार इतका उभा आहे की ब्रेक आधी नीट तपासून घ्यावेत, आणि परतीसाठी पाणी भरून घ्यावं. तिसरा, लाडघर-बुरोंडी-कोळथरे करत दाभोळला जाणारा. दाभोळला फेरीबोटीत सायकल चढवायची, धोपाव्याला उतरायचं आणि पुढे अंजनवेल, गुहागर. खाडी ओलांडताना पायांना विश्रांती मिळते आणि वाऱ्यावर घाम सुकतो. सायकलवाल्यासाठी यापेक्षा चांगली सोय मला तरी माहीत नाही.

किनाऱ्यावर चालवायची असेल तर ओहोटी बघून. मोबाईलची गरज नाही, आमच्याकडचा जुना हिशेब पुरतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. मुरूड-कर्द्याची ओली घट्ट पुळण त्या वेळी डांबरासारखी चालते. पण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत कोरड्या वाळूच्या पट्ट्यात चाक घालू नका, तिथे कासवांची घरटी असू शकतात. वेळास आणि आंजर्ल्याच्या लोकांनी ऑलिव्ह रिडले वाचवायला किती वर्षं घातली आहेत, ते आपण एका फोटोपायी मातीत घालू नये. घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल, हे त्याच दिवशी. खारं पाणी एका रात्रीत चेन लाल करतं.

आता सडा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावं खाली खोऱ्यात किंवा किनाऱ्याला, आणि डोंगराचा माथा सपाट, जांभ्याच्या कातळाचा. झाड विरळ, गवत, मध्ये करवंदीच्या जाळ्या. पावसाळ्यात कातळाच्या खळग्यांत पाणी साठतं आणि भाद्रपदात तेरडा, सीतेची आसवं अशी फुलं येतात. त्या दिवसांत शेवाळलेला जांभा फार घसरडा असतो, शिवाय चाकाखाली फुलं जातात, तेव्हा पावसाळ्यात सडा पायीच फिरावा. दिवाळीनंतर गवत वाळलं की सायकलचा हंगाम सुरू. माउंटन बाइकच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की कातळ छान पकड देतो. समोर मैलभर मोकळं, डाव्या हाताला खाली समुद्र, गाडीचा हॉर्न नाही. बुरोंडीच्या वर किंवा उटंबरच्या अंगाला एकदा जाऊन या, मग कुठल्याही हिल स्टेशनचं कौतुक मला सांगा.

या सड्यावरच्या वाटा सायकलवाल्यांनी पाडलेल्या नाहीत. गवताचे भारे, शेणखत, आंब्याच्या पेट्या, बाजाराला जाणाऱ्या बाया, शाळेला जाणारी पोरं, गुरं. या सगळ्यांनी पिढ्यान् पिढ्या तुडवलेल्या त्या वाटा आहेत. गावागावातून शिमग्याची पालखी ठरलेल्या वाटेने जाते, वाडीवर थांबते, सड्यावरून पलीकडच्या वाडीत उतरते. आम्ही फक्त त्यांच्या मागून चाकं घेऊन आलो.

गेल्या काही वर्षांत सड्यावरची जमीन धडाधड विकली गेली. कातळाला कोणी विचारत नव्हतं, आता समुद्र दिसतो म्हणून त्याला भाव आहे. विकण्याबद्दल मी कुणाला नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरात पिकत नाही आणि मुलं मुंबईला आहेत, त्याने काय करावं हे बाहेरच्याने सांगू नये. पण जमीन घेतली की पहिलं काम कंपाउंडचं. चिऱ्याची पाच फुटी भिंत, वर काटेरी तार, लोखंडी गेट, कुलूप. मध्ये वाट होती का, ती कुठे जात होती, हे कोणी बघत नाही. माझ्या ओळखीच्या एका वाडीत पालखीची वाटच भिंतीत गेली. आता पालखी डांबरी रस्त्याने मोठा वळसा घालून जाते. गावातले एक काका मला म्हणाले, “देव गेला वळून, पण म्हातारीने गवताचा भारा घेऊन कुठनं जायचं?” त्यांना माझ्याकडून उत्तर नको होतं, पण मला तो प्रश्न सोडत नाही.

आमच्याकडे कुंपण पूर्वीही होतंच. गडगा, म्हणजे दगड रचून केलेला बांध, घालायची पद्धत जुनीच आहे. पण गडग्यात जिथे वाट असेल तिथे बेडं ठेवायचे. बांबू सरकवायचा, पलीकडे जायचं, बांबू परत लावायचा. गुरं आत येत नाहीत आणि माणूस अडत नाही. मालकी आणि वहिवाट या दोन्ही गोष्टी एका बांधावर सुखाने नांदत होत्या. मला नव्या मालकांकडून एवढंच हवं आहे. भिंत घाला, झाडं लावा, घर बांधा, पण वाटेच्या जागी माणूस आणि सायकल जाईल एवढी फट किंवा बेडं ठेवा.

मालकांची बाजूही खरी आहे. कलमांवरून आंबे जातात. बाटल्या फोडून टाकतात. एका विडीने वणवा लागतो आणि कित्येक वर्षांची बाग जळते. निसर्ग वादळाने ३ जून २०२० ला इथल्या बागा झोपवल्या, त्यातून सावरून ज्यांनी पुन्हा कलमं लावली त्यांची काळजी मला कळते. म्हणून आम्हा सायकलवाल्यांनी काही गोष्टी पाळायलाच हव्यात. वाट सोडून बागेत शिरायचं नाही, आंब्याच्या हंगामात राखणदाराला विचारून जायचं, बेडं उघडलं तर लावायचं, सड्यावर आग पेटवायची नाही, आणि वीस-पंचवीस जणांचा ताफा घेऊन गाणी लावत जायचं नाही. असे ताफे हल्ली दिसतात आणि गावकऱ्यांचं तोंड वाकडं होतं ते योग्यच आहे.

पण वाट अडवली तर गाव हतबल आहे, हा समज चुकीचा आहे. गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषांनी आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. तो नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात नक्कल मागून मिळतो. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो आणि ते अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात. अट एक आहे, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. आमच्याकडे काय होतं? पावसाळ्याआधी भिंत उभी राहते, गाव गणपतीत चर्चा करतं, शिमग्याला चाकरमानी आल्यावर भांडण होतं, आणि तोवर मुदत संपलेली असते. शेतात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागता येतो, पण ते शेतकऱ्यासाठी. पालखीसाठी आणि शाळेच्या पोरांसाठी जुनी वहिवाटच टिकवावी लागेल.

हे आत्ताच का, तर रेवस-रेडी सागरी महामार्गाचं काम पुढे सरकतंय. खाड्यांवर पूल होतील, गाड्या वाढतील, वेग वाढेल. पूल व्हावेत, आजारी माणसाला खाडीपलीकडे न्यायला बोटीची वाट बघावी लागू नये. पण मग आज ज्या किनाऱ्याच्या रस्त्यावर आपण निवांत सायकल चालवतो तिथे शाळेच्या पोराला सायकलवर पाठवायची हिंमत आईबाप करतील का? त्या वेळी वरची वाट शिल्लक असली तर पोरगं सड्यावरून शाळेत जाईल. नसली तर बसची वाट बघत बसेल.

काही जण म्हणतात, सायकल पर्यटनासाठी सड्यावर पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक करा, रेलिंग लावा, कमान उभी करा. कृपा करून नको. कातळाला कशाचीही गरज नाही. दगडावर चुन्याचा एक ठिपका आणि वाडीचं नाव लिहिलं की वाट सापडते. खर्च फक्त चुन्याचा.

मी आणि काही मित्रांनी ठरवलं आहे की या दिवाळीनंतर गावनकाशे हातात घेऊन एकेका वाटेवरून जायचं, कुठे मोकळी आहे, कुठे अडली आहे, कधी अडली, याची नोंद करायची आणि ती त्या त्या ग्रामपंचायतीला द्यायची. सायकल नसेल तर चालत या, वाट माहीत असलेल्या म्हाताऱ्या माणसांची आम्हाला जास्त गरज आहे. तुमच्या वाडीची वाट बंद झाली असेल तर खाली एवढंच लिहा: गाव, वाडी, वाट कुठून कुठे जात होती, आणि भिंत कुठल्या महिन्यात झाली. ज्यांचे सहा महिने अजून संपलेले नाहीत त्यांच्याकडे आम्ही आधी येऊ.