सावलीत वाळवा

बुटाच्या खोक्यावर ‘उन्हात ठेवू नये, सावलीत वाळवावे’ असं छापणाऱ्याने गोव्यातल्या फोंड्याचा जुलै पाहिलेला नसणार. ऊन टाळा म्हणे! टाळायला आधी ते असावं तर लागतं.

मैदानावरून परतलो की माझे पांढरे बूट मलाच ओळखू येत नाहीत. जांभ्याची तांबडी माती ती. तिचा रंग लोहाच्या गंजाचा, आणि धाग्यात शिरली की जुन्या भाडेकरूसारखी हलायचं नाव घेत नाही. जाणकार सांगतात, चिखल आधी पूर्ण सुकू द्या, मग बूट एकमेकांवर आपटा, माती झडेल, पाणी त्यानंतरच. सल्ला बरोबरच आहे. ओला चिखल चोळला की आणखी आत जातो. पण सुकू द्यायचा म्हणजे काय, दसऱ्यापर्यंत थांबायचं?

शेजारच्या काकू ब्लीचची बाटली घेऊन आल्या. “दोन झाकणं ओत रे, बगळ्यासारखे होतील!” ब्लीचने हे तांबडे डाग जात नाहीत, उलट पक्के बसतात आणि वर बूट पिवळा पडतो. हे काकूंना कोण सांगणार? बाटली आदराने ठेवून घेतली आणि न्हाणीघराच्या फरशीवर कारणी लावली.

मशीनचा विषय आईने काढूच दिला नाही. “त्यात देवाची वस्त्रं धुते मी.” बरंच झालं, गरम पाण्याने आणि त्या घुसळणीने सोलचा गोंद सुटतो. मग लेस काढा, आतली गादी वेगळी करा, कोमट पाण्यात चिमूटभर साबणपूड घाला आणि बसा पाटावर. मी जुना टूथब्रश मागितला, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आपला ब्रश नवा असल्याचं जाहीर केलं. शेवटी मिळाला त्याचे केस चहूबाजूंना फाकलेले. जाळीत फिरवला की फेस आधी विटकरी, मग गुलाबी. पांढरा काही होईना.

खरी परीक्षा वाळवण्याची. चुलीजवळ ठेवावेत तर उष्णतेने गोंद सैल होतो, फोम आक्रसतो. पंख्याखाली ठेवले तर आईचं सुरू, “सोलं, मिरच्या, सुकी मासळी, पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सगळं मे महिन्यातच वाळवतात. बूट तेव्हाच धुवायचे होतेस!”

राहता राहिलं वर्तमानपत्र. बोळे करून बुटात कोंबायचे, ओलावा शोषला की बदलायचे. आमच्याकडे कागदच दमट, तरी कोंबतो. परवा बोळा उलगडला तर पावसाने इंचांचं शतक ठोकल्याची बातमी. बातमीसुद्धा भिजलेली.

यात हाल बाबांचे. त्यांचा पेपर वाचून व्हायच्या आत माझ्या बुटात जातो. काल बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, पेन घेऊन बसले होते. तिथूनच हाक आली, “अरे, उभे शब्द सुटले, आडव्यांचा कागद कुठल्या पायात आहे?”