खोल चावा आणि जबड्याचा सांधा: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

कराडहून आपण लिहिलेल्या प्रतिक्रियेतील राग मला समजतो. मुलीच्या खोल चाव्यावर (वरचे पुढचे दात खालच्या दातांना प्रमाणाबाहेर झाकतात, त्यावर) तारांचे उपचार झाले, नंतर काही महिन्यांनी तोंड उघडताना कानापुढे ‘कट्’ असा आवाज येऊ लागला आणि आपण रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर राखणारे साधन) बंद केला. ‘या उपचाराने सांधा बिघडत नाही, तसा वाचतही नाही’ हे माझे विधान म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवणे आहे, असा आपला आक्षेप आहे. उपचारापूर्वी डॉक्टरांनी ‘तारा लावल्या नाहीत तर सांधा निकामी होईल’ असे बजावले होते, असेही आपण लिहिता.

मूळ घोळ त्या इशाऱ्यात आहे. आत कललेले वरचे दात खालच्या दातांना झाकून टाकतात, त्यामुळे खालचा जबडा मागे अडकतो आणि त्याचे सांध्यातील टोक कवटीच्या खोबणीत मागे दाबले जाते, ही कल्पना वरवर पटणारी आहे. १९३४ मध्ये अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अशाच स्वरूपाची मांडणी केली होती. शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासकांनी ती पुढे खोडून काढली, तरी दवाखान्यांतून ती अजून ऐकू येते. खोल चावा असलेल्या सर्वांच्या सांध्याचे टोक मागे सरकलेले असतेच, असे प्रतिमांमध्ये दिसत नाही.

तारांमुळेच सांधा बिघडला, ही आपली शंका नेमकी उलट बाजूची आहे, आणि तीही जुनीच. मिशिगनमध्ये १९८७ साली तारांच्या उपचारामुळे सांधा दुखू लागल्याच्या दाव्यावर ज्यूरीने रुग्णाला मोठी भरपाई दिली. हादरलेल्या अमेरिकेतील दंतव्यंगोपचारतज्ज्ञांच्या (तारा लावून दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांच्या) संघटनेने संशोधनाला पैसा पुरवला (भीतीपोटी का होईना, काम चांगले झाले), आणि उपचार घेतलेल्यांत व न घेतलेल्यांत या तक्रारींचे प्रमाण साधारण सारखेच असल्याचे पुन्हा पुन्हा दिसले. माझे विधान त्यावर उभे आहे.

मग आवाज आताच का? या तक्रारी पौगंडावस्थेपासून वाढतात, मुलींमध्ये अधिक आढळतात, आणि तारा लावण्याचे वयही तेच असते. सांध्यातील मऊ चकती किंचित पुढे सरकलेली असली, तर तोंड उघडताना टोक तिच्याखाली परत शिरते. तो क्षण म्हणजे हा ‘कट्’. वेदना नसलेला असा आवाज पुष्कळ निरोगी माणसांतही सापडतो.

खोल चाव्यावर उपचार करावेत ते खालचे दात टाळूच्या हिरडीत रुतत असतील किंवा दात झिजत असतील म्हणून. सांध्याची भीती घालून नव्हे.

आता मुलीकडे पाहा. तिची स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात सहज मावतात का, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला वळते का, घास चावताना दुखते का? तोंड उघडणे कमी होत चालले असेल किंवा जबडा अडकत असेल, तर सांगलीत किंवा मिरजेत, जिथे सोयीचे असेल तिथे, लवकर तपासणी करून घ्यावी. यांपैकी काहीच नसेल, तर आवाजावर उपचार नको. रिटेनर मात्र इतके दिवस बंद असल्याने आता घट्ट बसेल. जोर लावून न बसवता तो आधी तिच्या डॉक्टरांना दाखवावा आणि पुन्हा सुरू करावा, कारण सुधारलेला खोल चावा रिटेनरविना परत खोल होऊ लागतो.