जर्मनीचं उदाहरण द्यायचं तर पुरतं द्या

गाईम्हशींच्या तोंडाला आणि खुरांना होणाऱ्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या लसीकरणाची फेरी सुरू झाली की गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘जर्मनीत, हॉलंडात जनावरांना ही लस देतच नाहीत आणि तिथे हा रोगही नाही. आपल्याकडे वर्षातून दोनदा टोचतात, तरी रोग जात नाही. मग ही लस नक्की कुणाच्या फायद्याची?’ खाली अंगठे पडतात, आणि अनुभवही: टोचल्यावर चार दिवस दूध कमी झालं, म्हैस गाभडली, मानेवर गाठ आली. मी बर्लिनमध्ये राहतो, म्हणून मग ‘तू सांग रे, तिकडे काय करतात’ असं माझ्यावर येतं.

मेसेजमधली दोन्ही विधानं खरी आहेत. त्यांची सांगड मात्र उलटी घातली आहे.

युरोपने ही लस कधी घेतलीच नाही, असं नाही. पश्चिम जर्मनीत साठच्या दशकापासून गाईगुरांना दरवर्षी सक्तीने टोचत होते. रोग जवळजवळ संपला तेव्हा, १९९१-९२ च्या सुमारास, युरोपीय देशांनी सरसकट लसीकरण थांबवलं. त्यामागे शास्त्राइतकाच व्यापारही होता. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या लेखी ‘लस न देता रोगमुक्त’ हा दर्जा सगळ्यात वरचा. तो हातात असला की मांस, दूध, जिवंत जनावरं विकायला बाजार खुले होतात. ब्राझीलने हेच केलं. कित्येक दशकं टोचलं, मग थांबवलं आणि मे २०२५ मध्ये तो दर्जा मिळवला. लस बंद करणं हा या कामाचा शेवटचा टप्पा आहे. आपल्या ग्रुपला तो पहिलाच हवा आहे.

आणि त्या दर्जाची किंमत काय, ते मी इथे बसून पाहिलं. १० जानेवारी २०२५ रोजी बर्लिनच्या पूर्व हद्दीला लागून असलेल्या ह्योनोव्ह गावात म्हशींच्या एका कळपात लाळ्या-खुरकूत निघाली. १९८८ नंतर जर्मनीत पहिल्यांदाच. कळप केवढा, तर १४ म्हशींचा. तीन आधीच मेल्या होत्या, उरलेल्या ११ मारून टाकल्या. जवळच्या एका फार्मवरची डुकरंही खबरदारी म्हणून गेली. तीन किलोमीटरचा एक आणि दहा किलोमीटरचा दुसरा असे घेर आखले गेले. ब्रांडेनबुर्ग राज्यात दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांची ने-आण ७२ तास बंद झाली. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयांचे दरवाजे काही दिवस लागले. त्याच महिन्यात भरणाऱ्या ‘ग्रीन वीक’ या मोठ्या शेती प्रदर्शनात गाय, शेळी, मेंढी दिसली नाही. ब्रिटन आणि दक्षिण कोरियाने आयात थांबवली. दर्जा पूर्णपणे परत मिळायला एप्रिल उजाडला, आणि विषाणू तिथे पोचला कसा, याचा उलगडा झाला नाही.

चौदा म्हशी! आपल्याकडे एखाद्या दूधवाल्याच्या गोठ्यात याहून जास्त असतात. तिथे लाळ्या आली तर तोंड पोटॅशच्या पाण्याने धुतात, बोरोग्लिसरीन लावतात, खुरं साफ करतात आणि दूध आटलं म्हणून कपाळाला हात लावतात. शेजारच्या गोठ्याला चार दिवसांनी कळतं, तालुक्याला कदाचित कळतच नाही.

जर्मनीत चौदा म्हशींसाठी इतकी माणसं इतक्या चटकन का हलली, याचं एक कारण सरळ आहे: इथल्या एकाही जनावराच्या अंगात या रोगाची प्रतिकारशक्ती नाही. लस नाही, रोग होऊन गेलेला नाही. एक ठिणगी पुरते. त्याच वर्षी मार्चमध्ये हंगेरी आणि स्लोव्हाकियात रोग निघाला, तेव्हा मोठमोठ्या गोठ्यांतली हजारो गुरं मारावी लागली. ब्रिटनमध्ये २००१ साली साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली होती. मेसेज लिहिणाऱ्याला ‘लस नाही, रोग नाही’ एवढंच दिसतं. त्याच्या मागचा हा कत्तलखाना दिसत नाही.

इथल्या संशोधनाचा मला आदरच आहे. लाळ्या-खुरकूत हा विषाणूने होणारा रोग, हे १८९८ मध्ये फ्रीडरिश लोफ्लर आणि पाउल फ्रोश या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं. बारीक गाळणीतून गेलेला द्रवही रोग देतो, हा त्यांचा शोध. प्राण्यांच्या विषाणूची ओळख इथून सुरू झाली. गंमत अशी की लोफ्लरच्या प्रयोगांमुळेच आसपासच्या गुरांना लागण व्हायला लागली, म्हणून १९१० मध्ये प्रयोगशाळा ऱ्हीम्स नावाच्या बेटावर हलवली. ती आजही तिथेच आहे. पण आपलं खातंही कोरं नाही. आजची इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये आजच्या उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला गेली. तिथेच १९२० च्या दशकात एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बकऱ्यांच्या शरीरातून विषाणू सौम्य करत नेऊन बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या रोगाची लस केली. भारतात बुळकांडीचा शेवटचा रुग्ण १९९५ चा, आणि २०११ मध्ये जगातूनच तो रोग संपला. टोचून टोचून संपवला. गाभण म्हशीचं काय होईल, ही भीती तेव्हाही असेलच.

मग जर्मनीकडून घ्यायचं काय? माझ्या मते दोन गोष्टी: वही आणि भरपाई.

इथे प्रत्येक गाईच्या दोन्ही कानांत बिल्ला असतो, आणि ती कुठे जन्मली, कुणाकडून कुणाकडे गेली, कधी कापली गेली हे ‘हाय-टियर’ नावाच्या मध्यवर्ती नोंदीत चढतं. रोग निघाला की मागच्या काही आठवड्यांत त्या गोठ्यातून काय बाहेर गेलं, ते संगणकावर दिसतं. दुसरी गोष्ट पशुरोग निधी. जनावरं पाळणारा दरवर्षी त्यात वर्गणी भरतो. सरकारी आदेशाने जनावर मारलं तर बाजारभावाने पैसे मिळतात, गाईगुरांसाठी जास्तीत जास्त ४,००० युरो. भार निधी आणि राज्य सरकार वाटून घेतात. पण रोग लपवला, कळवायला उशीर केला तर हक्क जातो. जर्मन शेतकरी लगेच फोन करतो तो देशप्रेमाने नव्हे. न केला तर पैसे बुडतात.

आपल्याकडे कायदा नाही, असं नाही. २००९ च्या केंद्रीय कायद्याने अशा रोगांची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. पण खबर देणाऱ्याच्या पदरात काय पडतं? बाजार बंद, दुधाला नकार, गावात बोलणी. अपवाद एकदा घडला, आणि तो लक्षात ठेवायला हवा. २०२२ च्या लम्पीच्या, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या रोगाच्या, साथीत महाराष्ट्र सरकारने मेलेल्या दुभत्या गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये दिले. पंचनाम्याला लोक स्वतःहून पुढे आले. माझ्या चुलतभावाने तेव्हा पहिल्यांदा स्वतः सरकारी डॉक्टरला फोन केला. एरवी तो खासगीवाल्याला बोलावतो. ती व्यवस्था त्या साथीपुरती होती, लाळ्यासाठीही कायमची का असू नये, यावर ग्रुपवर एक ओळ नसते.

आपल्याकडच्या कानातल्या बिल्ल्यावरून मात्र भरपूर वाद. १२ आकडी बिल्ला कान फाडतो, पडतो, त्याने गाय दोन लिटर जास्त देत नाही, वगैरे. कान फाटतात हे खरं आहे, आणि बिल्ला मारणाऱ्याला पुरेसं शिकवलेलं नसतं हेही खरं. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. बिल्ला टोचताना नोंदवतात, विकताना कोण नोंदवतो? बाजारातून गेलेल्या गाईचा नंबर जुन्याच मालकाच्या नावावर राहत असेल, तर ते कानातलं पिवळं प्लॅस्टिक आहे, वही नव्हे.

मारून टाकण्याचा भाग आपण घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये. फ्रान्समध्ये जून २०२५ मध्ये लम्पी पोचली. एक जनावर बाधित निघालं तरी अख्खा कळप मारायचा, असं धोरण. कारण लक्षणं नसलेल्या जनावराच्या रक्तातही विषाणू असू शकतो. डिसेंबरात नैर्ऋत्य फ्रान्समध्ये शेतकरी रस्त्यावर आले आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. त्याच रोगाला महाराष्ट्राने २०२२ मध्ये शेळ्यांच्या देवीची लस जवळजवळ सगळ्या गोवंशाला टोचून तोंड दिलं. हजारो जनावरं गेली, ते दुःख खरंच; पण निरोगी दावण कुणी रिकामी केली नाही. फ्रेंच शेतकरी ‘मारू नका, टोचा’ म्हणत होते, हे आपल्या ग्रुपवर कुणी टाकल्याचं मला आठवत नाही.

लसीचं समर्थन म्हणजे लसीकरणाच्या पद्धतीचं समर्थन नव्हे. लाळ्याची लस मेलेल्या विषाणूची असते, तिचा असर साधारण सहा महिने. ती २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. उन्हात मोटारसायकलच्या डिकीत फिरली तर नुसतं तेल टोचल्यासारखं आहे. वासराला दुसरी मात्रा चुकली तर पहिली बरीचशी वाया. पोटात जंत असलेलं, उन्हाळ्यात वैरणीविना खंगलेलं जनावर लसीला नीट प्रतिसाद देत नाही. म्हणून आधी जंतनाशक द्या, असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही. किती टोचल्या हा आकडा दर फेरीनंतर छापून येतो. रक्ततपासणीत किती जनावरांत पुरेशी प्रतिकारशक्ती आढळली, हा आकडा तालुकावार लावायला सांगा. भांडण करायचं तर त्यावर करा.

आणि बैल. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून, नगरकडून गाडीबैल घेऊन ऊसतोड मजूर कोल्हापूर-सांगलीला आणि पुढे कर्नाटकात जातात. इतक्या गावांची जनावरं एका तळावर महिनोन्महिने राहतात, एकाच हौदावर पाणी पितात. विषाणूला याहून सोयीचं काय हवं? लाळ्या होऊन गेलेला बैल वाचला तरी पुढे उन्हात धापा टाकतो, ओढायला नको म्हणतो. ज्याने मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलीय त्याचा हंगामच बुडतो. या बैलांची ने-आण नोंदवायला नवं सॉफ्टवेअर लागेल असं मला सांगतात. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन होतं, पावती फाटते. त्याच नोंदीत बैलजोडीच्या बिल्ल्यांचे दोन नंबर घालायला दोन रकाने पुरतील.